मोठमोठे जॅझवाले एका बँडमध्ये नांदतात कसे?

प्रश्न : मी तबला शिकतो, अलीकडे जॅझ ऐकायला लागलोय. एकेका रेकॉर्डवर चार-पाच उस्तादांची नावं एकत्र दिसतात. आपल्याकडे दोन उस्ताद एका मंचावर बसायचे म्हटलं तरी कुणाचं नाव आधी छापायचं इथून सुरुवात होते. मग हे लोक वर्षानुवर्षं एकमेकांबरोबर कसे वाजवतात? आणि इतकं जमलेलं असताना सोडून का जातात? आम्ही चार मित्र (सॅक्सोफोन, गिटार, कीबोर्ड आणि मी) मिळून काहीतरी सुरू करायच्या विचारात आहोत, म्हणूनही विचारतो.

उत्तर :

मी बासवाला. मुंबईत तीस वर्षं बास वाजवतोय. हॉटेलं, लग्नं, स्टुडिओ, आणि नशीब असेल त्या रात्री खरा जॅझ. बासवाल्याकडे मंचावर कुणी फारसं बघत नाही, त्यामुळे त्याला बाकी सगळ्यांकडे बघायला भरपूर वेळ मिळतो. उत्तर त्या कोपऱ्यातून देतोय, तेवढं धरून वाचा.

आधी एक गैरसमज काढतो. रेकॉर्डच्या पाठीवरची नावं तुम्हाला मोठी दिसतात, कारण तुम्ही ती साठ-सत्तर वर्षांनी वाचताय. ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसने १९५५ साली पहिला पंचकडी (पाच जणांचा) बँड बांधला तेव्हा तो स्वतः २९ वर्षांचा होता. सॅक्सोफोनवर जॉन कोलट्रेन, तोही २९चाच, पण त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं आणि ज्यांनी ऐकलं होतं त्यांतले बरेच नाक मुरडत होते. बासवर पॉल चेंबर्स, वय २०. पियानोवर रेड गार्लंड, जो आधी मुष्टियुद्ध खेळायचा. ड्रम्सवर फिली जो जोन्स. यातला कुणीही त्या दिवशी उस्ताद म्हणून आत आला नव्हता. माइल्सचं नाव होतं, तेही मधल्या काही वर्षांत हेरॉइनपायी घसरलेलं आणि त्याच उन्हाळ्यात न्यूपोर्टच्या महोत्सवात परत वर आलेलं.

पुढच्या वर्षी त्यांनी काय केलं ते बघा. माइल्सला कोलंबियासारख्या मोठ्या कंपनीने उचललं होतं, पण प्रेस्टिज नावाच्या छोट्या कंपनीचं देणं शिल्लक होतं. ते फेडायला हे पाच जण न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावात रूडी व्हॅन गेल्डरच्या घरी गेले. त्याच्या आईवडिलांच्या दिवाणखान्यातच स्टुडिओ होता. ११ मे आणि २६ ऑक्टोबर १९५६, असे फक्त दोन दिवस. त्या दोन दिवसांत चार एलपींचा जवळजवळ सगळा माल तयार झाला, आणि त्या चारही एलपी आजतागायत विकल्या जातात. बहुतेक चिजा एकदाच वाजवल्या, दुसरा टेक नाही.

हे कसं जमलं याचं उत्तर हॅकेनसॅकमध्ये नाही. त्याआधी कित्येक महिने ते क्लबांतून रात्रीमागून रात्र हेच वाजवत होते. कुठली चीज कुठे श्वास घेते, गार्लंड कुठल्या जागी आपले ते ठोकळेबाज दुहेरी कॉर्ड (एकदम दाबलेले सुरांचे गुच्छ) सुरू करणार, फिली जो कुठे काठी ड्रमच्या काठावर आपटणार, हे सगळ्यांच्या अंगात मुरलेलं होतं. स्टुडिओत त्यांनी फक्त नेहमीची रात्र दिवसा वाजवली.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढचं सगळं त्याचाच विस्तार समजा: जॅझमधली मोठी माणसं बहुतेक करून अशा चालत्या बँडात, रोजच्या रोज एकमेकांच्या शेजारी वाजवून मोठी झाली.

आता रोज वाजवून नेमकं काय होतं, ते तबलावाल्याला कळेल अशा भाषेत सांगतो. जॅझची साधी चीज म्हणजे बहुतेक वेळा ३२ बारांचं एक आवर्तन (बार म्हणजे बहुधा चार मात्रांचा एक तुकडा). त्याला कोरस म्हणतात. पहिल्या आवर्तनात मूळ चाल, मग प्रत्येक जण आळीपाळीने हवी तितकी आवर्तनं सोलो घेतो, शेवटी पुन्हा चाल. तुमच्याकडे सम येते तेव्हा सगळी मैफल मान हलवते. इथे सम कुणी दाखवत नाही. ती ज्याने त्याने डोक्यात ठेवायची. नवा बँड असला की प्रत्येक जण भीतीपोटी आवर्तनाच्या सुरुवातीला जरा जोरात वाजवतो, म्हणजे ‘मी इथे आहे, तू कुठे आहेस’ अशी हाक मारतो. जुन्या बँडात ती हाक बंद होते. ड्रमर चार-चार आवर्तनं सम झाकून ठेवतो आणि कुणाचा पाय घसरत नाही. सोलो घेणाऱ्याला खरी मोकळीक तिथून मिळते.

आणि त्याच्या तळाशी बास आणि राईड सिंबल (ड्रमरच्या उजव्या हाताशी असलेली मोठी झांज) यांचा संसार असतो. बासवाला दर मात्रेला एक सूर टाकत चालतो. ड्रमर उजव्या हाताने राईडवर तोच वेग धरतो. हे दोन आवाज एकाच क्षणी पडतात असं ऐकणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात कुणाचा हात केसभर पुढे असतो, कुणाचा केसभर मागे. ते अंतर रोज तेच राहिलं तर त्यालाच लोक ‘स्विंग’ म्हणतात. ते अंतर रोज बदलत राहिलं तर लग्नाच्या वरातीसारखं ऐकू येतं. मी कुलाब्याच्या एका हॉटेलात एका वयस्कर गोवेकर ड्रमरबरोबर दर शुक्रवार-शनिवार अकरा वर्षं वाजवलं. पहिल्या महिन्यात मी चढाओढीने सूर ओतत होतो. दोन सेटच्या मध्ये ते म्हणाले, “बाबा, तू गाडी चला रहा है. खिडकी के बाहर मत देख.” त्यानंतर सहा महिने मी सोलो घेतला नाही. सातव्या महिन्यात त्यांनीच मान हलवून दिला.

आता पॉल चेंबर्सकडे परत येतो, कारण माझ्या देव्हाऱ्यात तो मध्यभागी आहे. १९५९ सालचे दोन महिने घ्या. २ मार्च आणि २२ एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत माइल्सचा ‘काइंड ऑफ ब्लू’ रेकॉर्ड झाला. ४ आणि ५ मेला, म्हणजे पंधरवड्याच्या आत, कोलट्रेनने स्वतःच्या नावावर ‘जायंट स्टेप्स’ जवळजवळ सगळा रेकॉर्ड केला. दोन्हीकडे बासवर चेंबर्स.

या दोन रेकॉर्ड म्हणजे दोन टोकं. पहिलीतली ‘सो व्हॉट’ ही चीज : १६ बार एकच स्वरमालिका, मग ८ बार तीच अर्ध्या स्वराने वर, मग ८ बार परत खाली. संपलं. आपल्या माणसाला हे लगेच जवळचं वाटतं, कारण एका स्वरमालिकेत मुक्काम ठोकून बसणं आपल्या रक्तात आहे. मूळ चाल तर बासच म्हणतो. चेंबर्स एक वाक्य बोलतो, बाकीचे दोन सुरांत हुंकार देतात. दुसऱ्या रेकॉर्डची शीर्षकचीज याच्या बरोबर उलट : बहुतेक जागी दर दोन मात्रांना कॉर्ड बदलतो, तोही लांब उडी मारून, आणि लय मिनिटाला पावणेतीनशे मात्रांच्या वर. ते नावही बासच्या त्या लांब ढांगांवरून पडलं, असं कोलट्रेननेच सांगितलं होतं. त्या ढांगा टाकणारा माणूस दोन महिन्यांपूर्वी एका जागी मांडी घालून बसला होता. वय २४.

‘जायंट स्टेप्स’मध्ये पियानोवर होता टॉमी फ्लॅनगन. खूप मोठा वादक, पण कोलट्रेनचा रोजचा साथीदार नव्हे. त्याचा सोलो ऐका. सुरुवातीला एक-दोन वाक्यं तो बोलतो, मग शब्द सुटतात, शेवटी नुसते कॉर्ड ठेवत बाहेर पडतो. मला त्याची कीव येत नाही. त्या लयीत, कॉर्डांची ती उतरंड नीट अंगात मुरायच्या आत, दुसऱ्या कुणाची अवस्था वेगळी झाली नसती. फ्लॅनगनने १९८२ साली कोलट्रेनच्या स्मरणार्थ काढलेल्या रेकॉर्डवर तीच चीज पुन्हा वाजवली, आणि अशी वाजवली की जणू बोलून दाखवतोय. तेवीस वर्षांचं देणं फेडलं. चेंबर्स आणि फ्लॅनगन यांच्यात त्या दिवशी फरक होता तो हाच की चेंबर्सला कोलट्रेनच्या डोक्यात काय चाललंय ते साडेतीन वर्षं शेजारून ऐकू येत होतं.

‘काइंड ऑफ ब्लू’बद्दल आणखी एक सांगतो, कारण ती रेकॉर्ड दंतकथा झाली आहे. माइल्सने कागदावर जुजबी खुणा आणल्या होत्या आणि वादकांनी त्या जवळजवळ तिथेच पहिल्यांदा पाहिल्या, हे खरं. पण ही माणसं परकी नव्हती. पियानोवाल्या बिल इव्हान्सने काही महिन्यांपूर्वीच बँड सोडला होता, त्याला या कामासाठी परत बोलावलं. रोजचा पियानोवाला विंटन केली स्टुडिओत आला तर पियानोवर इव्हान्स बसलेला! केलीच्या वाट्याला एकच चीज आली, ‘फ्रेडी फ्रीलोडर’. ती ऐका, म्हणजे पियानोवाला बदलला की बासवाल्याची चाल कशी बदलते ते कळेल. केलीखाली चेंबर्स खांदे उडवत चालतो. आणि ‘सो व्हॉट’मध्ये दीड मिनिटाच्या सुमाराला, माइल्सचा सोलो सुरू होताना, ड्रमर जिमी कॉबने सिंबलवर जो आघात केला आहे तो त्याला स्वतःला जरा जोरातच पडला असं वाटलं होतं. आज तो आघात काढून ती रेकॉर्ड कल्पना करता येत नाही.

तुम्ही विचारलंत, सोडून का जातात. कोलट्रेनची गोष्ट त्यासाठी पुरेशी आहे. १९५७मध्ये माइल्सने त्याला काढलं. कारण कलेचं नव्हतं, हेरॉइनचं होतं. त्याने व्यसन सोडलं आणि उन्हाळ्यापासून वर्षअखेरपर्यंत न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये थेलोनियस मंकबरोबर वाजवलं. मंक मध्येच पियानोवरून उठायचा आणि मंचावर गोल गोल नाचत राहायचा. कोलट्रेनच्या खाली राहायचे फक्त बास आणि ड्रम्स, आणि कॉर्ड दाखवायला कुणीच नाही. मंकला कळत होतं की या पोराला पियानोचा आधार काढून घेतला की तो उभा राहील. त्या जोडीची कार्नेगी हॉलमधली एक टेप, नोव्हेंबर १९५७ची, अमेरिकेच्या संसद-ग्रंथालयात पडून होती. ती २००५ साली सापडली. संग्राहकांच्या जगात लॉटरी म्हणतात ती हीच.

१९५८मध्ये कोलट्रेन माइल्सकडे परतला तो वेगळाच माणूस होऊन. आता त्याच्या एकेका सोलोला वेळ पुरत नव्हता. १९६०च्या वसंतात युरोपच्या दौऱ्यावर तो नाखुशीनेच गेला आणि परतल्यावर बाहेर पडला. भांडण असं काही नव्हतं. एका घरात दोन चुली झाल्या होत्या एवढंच. पुढे मॅकॉय टायनर (पियानो), जिमी गॅरिसन (बास) आणि एल्विन जोन्स (ड्रम्स) यांना घेऊन त्याने स्वतःचं बिऱ्हाड मांडलं. ‘अ लव्ह सुप्रीम’ ९ डिसेंबर १९६४ला एका दिवसात रेकॉर्ड झालं. पुन्हा तोच हिशोब : रेकॉर्डिंग एका दिवसाचं, त्यामागे तीन वर्षांच्या रात्री.

सगळे नेते होत नाहीत, हेही लक्षात असू द्या. केली, चेंबर्स आणि कॉब १९६३च्या सुमाराला माइल्सकडून निघाले ते तिघं एकत्रच निघाले आणि त्रिकूट म्हणून काम करत राहिले. वेस माँटगोमेरी या गिटारवाल्याबरोबर त्यांनी १९६५ साली ‘हाफ नोट’ क्लबात जे वाजवलं ते साथसंगतीचं पाठ्यपुस्तक आहे. चेंबर्स १९६९च्या जानेवारीत क्षयाने गेला. वय ३३.

तिघं गेल्यावर १९६३ला माइल्सकडे रिकामं घर राहिलं. तेव्हा त्याने जे केलं ते फार थोड्या नेत्यांना जमतं. ३७व्या वर्षी त्याने स्वतःच्या वयाची माणसं शोधलीच नाहीत. पियानोवर हर्बी हॅनकॉक २३, बासवर रॉन कार्टर २६ आणि ड्रम्सवर टोनी विल्यम्स, वय १७! दारू मिळणाऱ्या क्लबात त्या पोराला कायद्याने वाजवू देणंच अडचणीचं होतं. १९६४मध्ये ड्रमर आर्ट ब्लेकीच्या बँडातून सॅक्सोफोनवाला वेन शॉर्टर आला आणि दुसरी पंचकडी पुरी झाली. ती १९६८पर्यंत टिकली.

या बँडच्या दोन रात्री सांगतो. दोन्ही मला हॅनकॉकच्या सांगण्यातून माहीत आहेत, आणि तो त्या अनेकदा सांगत आला आहे.

पहिली जर्मनीत, स्टुटगार्टला. बँड रंगात, ‘सो व्हॉट’ चाललेलं, माइल्सचा सोलो टिपेला पोचतोय, आणि हॅनकॉकने एक कॉर्ड दाबला तो साफ चुकीचा. त्याला वाटलं, सगळी मैफल आपण पाडली. माइल्सने क्षणभर श्वास घेतला आणि असे सूर काढले की तो कॉर्ड बरोबर वाटायला लागला. हॅनकॉक म्हणतो, माइल्सने तो चूक म्हणून ऐकलाच नाही, घडलेली एक गोष्ट म्हणून ऐकला. तुम्ही तबलावाले हे चांगलं ओळखता. गायकाची तान एक मात्रा लांबली तर चांगला तबलजी तोंड वाकडं करत नाही. तो तिहाई अशी फिरवतो की श्रोत्याला ती तान तशीच हवी होती असं वाटावं.

दुसरी रात्र शिकागोत, ‘प्लग्ड निकल’ क्लबात, डिसेंबर १९६५. तोवर बँड इतका जमला होता की तो जमणंच त्यांना सतावायला लागलं. अमुक जागी मी चढवणार, अमुक जागी तू उतरवणार, सगळं ठरल्यासारखं होऊ लागलं होतं. तेव्हा टोनी विल्यम्सने, वय २०, टूम काढली की आज प्रत्येकाने अपेक्षेच्या उलट वाजवायचं. चढण आली की उतरायचं, टाळी पडणार वाटलं की गप्प बसायचं. पोरांनी आपसात ठरवलं आणि माइल्सला सांगितलंच नाही. क्लबात पोचले तर कोलंबियाची रेकॉर्डिंगची यंत्रं लावलेली! तरीही त्यांनी माघार घेतली नाही. त्या टेप आज मिळतात. पहिल्यांदा ऐकाल तर वाटेल की चीज मोडून पडतेय. दुसऱ्यांदा फक्त कार्टरचा बास धरून ऐका. सगळी पडझड त्या एका माणसाच्या तोलावर उभी आहे, आणि त्याच्या डोक्यात आवर्तन तसूभरही हललेलं नाही. मी ते पंचविशीत ऐकलं आणि दोन दिवस बासला हात लावला नाही.

अशी माणसं पुढे कशी वेगळी होतात? हॅनकॉकने स्वतःचे बँड काढले, शॉर्टरने कीबोर्डवाल्या जो झाविनूलबरोबर ‘वेदर रिपोर्ट’ उभा केला, विल्यम्सने ‘लाइफटाइम’. पण नातं तुटत नाही. १९७६मध्ये कार्टरसकट हे चौघे ‘व्ही.एस.ओ.पी.’ नावाने पुन्हा एकत्र आले, ट्रंपेटवर फ्रेडी हबर्ड. १९९७ला हॅनकॉक आणि शॉर्टर यांनी दोघांचीच एक रेकॉर्ड काढली, ना बास ना ड्रम्स. बासवाला म्हणून मला ती पटू नये, पण पटते.

आता पैशाचं बोलू, कारण याबद्दल कुणी लिहीत नाही आणि बँड निम्मे वेळा तिथेच फुटतात. १२ फेब्रुवारी १९६४ला न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये माइल्सचा कार्यक्रम होता, दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीच्या मोहिमेला मदत म्हणून. माइल्सने आपलं मानधन सोडलं आणि बँडच्या वतीनेही सोडून टाकलं. साथीदारांना हे आयत्या वेळी कळलं. पोरं भडकली. दान करायचं तर आम्हाला विचारून करा ना! त्या रागातच ते मंचावर चढले. त्या एका रात्रीच्या दोन एलपी निघाल्या, एक संथ चिजांची, एक द्रुत. द्रुत चिजांत टोनी विल्यम्स ज्या वेगाने सुटलाय, त्यात मला तरी तो राग ऐकू येतो.

याच्या उलट नमुना ‘मॉडर्न जॅझ क्वार्टेट’चा. पियानोवर जॉन लुईस, व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) मिल्ट जॅक्सन, बासवर पर्सी हीथ, ड्रम्सवर कॉनी के. नेत्याच्या नावाचा बँड नाही, भागीदारी. टक्सिडो घालून, टापटिपीत वाजवायचे. १९७४ला जॅक्सन बाहेर पडला, कारण रॉकवाले जे कमावत होते त्यापुढे आपली मिळकत त्याला हास्यास्पद वाटायला लागली होती. सात वर्षांनी चौघे परत जमले. आणि मोठा बँड चालवणाऱ्या ड्यूक एलिंग्टनने तर तिसराच मार्ग काढला. स्वतःच्या गाण्यांच्या रॉयल्टीतून तो बँडचे पगार भरायचा, म्हणजे उद्या सुचलेली सुरावट परवा त्याच माणसांकडून ऐकता यावी. कागदावर तो वाद्याचं नाव न घालता वादकाचं नाव घालायचा. सॅक्सोफोनवाला हॅरी कार्नी त्याच्याकडे १९२७ला आला तो कायमचा. मे १९७४मध्ये ड्यूक गेला आणि ऑक्टोबरमध्ये कार्नी. हा बँड १९६३ला आपल्याकडेही येऊन गेला, मुंबईलाही.

मग निव्वळ नावांची बेरीज करून काही होतच नाही का? सगळ्यात प्रसिद्ध बेरीज म्हणजे टोरांटोचा मॅसी हॉल, १५ मे १९५३. सॅक्सोफोनवर चार्ली पार्कर, ट्रंपेटवर डिझी गिलेस्पी, पियानोवर बड पॉवेल, बासवर चार्ल्स मिंगस, ड्रम्सवर मॅक्स रोच. तालीम शून्य. पार्करच्या हातात प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन. त्याच रात्री शिकागोत मार्सियानो आणि वॉलकॉट यांची जागतिक विजेतेपदाची कुस्ती, म्हणजे मुष्टियुद्ध, त्यामुळे सभागृह निम्मंही भरलं नाही. ती लढत पहिल्याच फेरीत संपली, ही वर गंमत. मिंगसने नंतर टेप ऐकली तर त्याचा बास नीट ऐकूच येत नव्हता, म्हणून त्याने तो नंतर वरून पुन्हा भरला. (हे दुःख फक्त बासवाल्यालाच कळेल.) इतकं असूनही ती रेकॉर्ड जबरदस्त आहे. का? कारण ती माणसं एका रात्रीपुरती जमली असली तरी पार्कर, गिलेस्पी, पॉवेल आणि रोच यांनी १९४०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ५२व्या रस्त्यावर मिळूनच ती भाषा घडवली होती. तालीम दहा वर्षांपूर्वी झालेली होती.

ती तालीम नसताना काय होतं ते मी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी एका आयोजकाने हिरवळीवरच्या कार्यक्रमाला पाच ‘टॉपचे’ वादक बोलावले, त्यातला पाचवा मी, बहुधा चौथ्या पसंतीचा. चौघे चार विमानांनी आले. साउंड चेकला दोघं हजर. चीज सगळ्यांना पाठ असलेलीच निवडली होती. सॅक्सोफोनवाल्याने बारा कोरस घेतले. मग गिटारवाल्याने तेरा घेतले, ते का ते तुम्हाला कळलंच असेल. शेवट कसा करायचा यावर प्रत्येकाचं वेगळं मत होतं आणि ती सगळी मतं एकाच वेळी ऐकू आली. टाळ्या दणदणीत पडल्या. ड्रमर माझ्याकडे बघून म्हणाला, “चला, जेवण कुठाय?”

तुमच्या तबल्याच्या सोयीसाठी एक घरचं उदाहरण. १९७०च्या दशकात जॉन मॅक्लॉफ्लिन (गिटार), एल. शंकर (व्हायोलिन), विक्कू विनायकराम (घटम) आणि आपले माहीमचे झाकीरभाई यांची ‘शक्ती’ जमली. मॅक्लॉफ्लिन तेव्हा विजेच्या गिटारवरच्या आपल्या गाजत्या बँडातून बाहेर पडून खाली मांडी घालून बसला होता. गाडी दशक संपायच्या आत थांबली, १९९७ला वेगळ्या रूपात परत निघाली. पुढे विक्कूजींच्या जागी त्यांचा मुलगा सेल्वगणेश आला, गायला शंकर महादेवन आले आणि २०२३च्या रेकॉर्डला २०२४मध्ये ग्रॅमी मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरात झाकीरभाई गेले. पहिल्या शक्तीतली त्यांची साथ आणि शेवटच्या रेकॉर्डमधली साथ लागोपाठ ऐका. पहिलीत हात दिसतो. शेवटचीत कित्येक जागी ते वाजवतच नाहीत, आणि त्या जागा मॅक्लॉफ्लिन बरोबर ओळखतो.

तुम्हा चौघांसाठी आता. पहिला कार्यक्रम ठरवू नका, वार ठरवा. मंगळवार म्हटलं की मंगळवार, कुणाच्याही घरी, निदान सहा महिने. पाच चिजा घ्या, त्याहून जास्त नको. पहिले दोन महिने कुणी दोन कोरसच्या वर सोलो घेणार नाही असं ठरवून टाका आणि सॅक्सोफोनवाल्याला ते लिहून द्या. दर वेळी मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि घरी जाऊन ऐकताना स्वतःचं वाद्य सोडून दुसऱ्याचंच ऐका. मिळणाऱ्या पैशाचे चार सारखे वाटे की कामाप्रमाणे, हे पहिला रुपया यायच्या आधी बोलून घ्या. तबला आणि कीबोर्डचा डावा हात खालच्या सुरांत एकमेकांवर आदळणार, तिथे कुणी बाजूला व्हायचं तेही तुम्हालाच ठरवावं लागेल. डग्ग्याची घुमक आणि कीबोर्डचा बास दोन्ही एकदम नको.

खरं तर तुम्हाला एक बासवाला हवाय. मंगळवारी मी मोकळा असतो.